कुंकवाची बाजू

पुंजा, पुंजाचा मुलगा सावळीराम, सावळीरामाचा जयराम आणि जयरामाचा नवनाथ. ही चार नावे मी क्रमाने लिहीत आहे, कारण आमच्या घरात आज ती कोणालाही क्रमाने सांगता येत नाहीत. आमची स्वतःची सात पिढ्यांची वंशावळ मात्र माझ्या नातवाने, ललितने, काचेच्या चौकटीत घालून ऑफिसात टांगली आहे आणि गिऱ्हाइकांना नीट दिसावी म्हणून तिच्यावर एक दिवाही लावला आहे. पेठच्या डोंगरातून उतरून ज्यांनी पाऊणशे वर्षे आमच्या मातीत आधी गवत, मग द्राक्षवेली आणि मग पुन्हा गवत कापले, त्यांची नावे हजेरीच्या वहीपलीकडे कोठेही नाहीत.

पुंजा विळा घेऊन आला. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात बैलांसाठी गवत कापणे हे त्याचे काम. सावळीरामाच्या काळात मळ्यात द्राक्षे लागली आणि त्याच्या हाती छाटणीची कात्री आली. जयरामाने उभा जन्म छाटणीतच काढला. नवनाथ कामाला लागेपर्यंत आम्ही बाग मोडली, मांडवाचे लोखंडी अँगल भंगारात घातले आणि त्या दोन एकरांत हिरवळ लावून लग्नाचे लॉन्स काढले. नाव दिले ‘चिमणाबाई लॉन्स’. चिमणाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी जन्मात गवतावर पाय ठेवला तो खुरपे हातात घेऊनच. आता त्यांच्या नावाच्या पाटीखाली नवऱ्यामुली ड्रोनकडे पाहून हसतात. ते दुखणे निराळे आहे; त्याविषयी पुन्हा कधीतरी.

माझे नाव सिंधुबाई, वय एक्याऐंशी. चौसष्ट वर्षे या घरात माझा शब्द चालत आला आहे. पूर्वी मजुरांवर, मग सुनांवर आणि आता ललितच्या मॅनेजरवरही. पुढे जे घडले ते याच शब्दामुळे घडले, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

नवनाथकडे गवत कापण्याचे मशीन आहे. मशीनच्या पोटाखाली हातभर लांबीचे लोखंडी पाते आडवे फिरते. त्याच्या दोन्ही टोकांना धार असते आणि धारेच्या मागचा काठ पंखासारखा थोडा उचललेला असतो. हा पंख वारा ओढून गवताला उभे करतो आणि धार त्याला छाटते. लग्नाच्या लॉन्सवर असे पाते शेतातल्या विळ्याच्या निम्म्यानेही टिकत नाही. मंडपवाले खिळे सांडतात, फुलवाले तारेचे तुकडे टाकतात, पाहुण्यांच्या साडीच्या पिना गळतात, आणि यांपैकी एकाही माणसाला वाकून काही उचलण्याची सवय नाही. मी स्वतः डेकोरेशनवाल्या राकेशला तीनदा बोलावून सुनावले. प्रत्येक वेळी तो मान हलवून हो म्हणाला आणि प्रत्येक वेळी पहिल्यापेक्षा अधिक खिळे सापडले.

नवनाथची पद्धत अशी, की मशीन चालू करण्याआधी तो अनवाणी सबंध हिरवळ फिरतो. बुटातून खिळा कळत नाही, असे त्याचे म्हणणे. हातात काठी, काठीच्या टोकाला जुन्या स्पीकरचे लोहचुंबक. एकेका लग्नानंतर मूठभर लोखंड निघते. तरीही पाते झिजतेच. झिजले की तो ते सोडवत नाही. आधी मला ओट्यावरून बोलावतो, मशीन आडवे करून जागेवरच दाखवतो, मी काढ म्हटले की काढतो, माझ्या हातात देतो आणि मगच नव्या पात्याला हात लावतो. उतरवलेली पाती मी कोठीत तारेवर टांगून ठेवते. अकरा वर्षांत तेरा झाली. ललित म्हणे, आजी, ती भंगारात द्या, तुम्हाला काय संग्रहालय काढायचे आहे का. नवनाथची ही रीत मला आवडत असे. माणूस शिस्तीचा आहे, एवढाच अर्थ मी तिचा लावला होता. ही शिस्त कोठून आली, असे मी त्याला कधी विचारले नाही.

गेल्या खंडेनवमीच्या आधी त्याने तेरावे पाते दाखवले. टोके गोल झाली होती, पंख वाळूने खाऊन टाकला होता आणि धारेच्या मधोमध, जेथे खिळा लागला, तेथे हरभऱ्याएवढी खाच पडली होती. ललितने नवीन पाते आणले. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा मी करते. त्या दिवशी पाटावर विळे, कुदळ, ट्रॅक्टरची चावी, माझ्या मनाविरुद्ध ललितचा लॅपटॉप, लाल फडक्यात गुंडाळलेली एक जुनी छाटणीची कात्री आणि हे नवे पाते होते. पात्याची एक बाजू पंखामुळे उंचसखल होती, दुसरी सपाट. सपाट बाजूवर काढायला सोपे, म्हणून तिच्यावर मी तेलात कालवलेल्या कुंकवाने स्वस्तिक रेखले.

दसऱ्याला सकाळी नवनाथ पाना घेऊन पाते बसवू लागला. मी शेजारी उभी होते. त्याने कुंकवाची बाजू जमिनीकडे केली, तेव्हा मी त्याला थांबवले.

“पूजेचं कुंकू खाली करतोस? वऱ्हाडाच्या पायाखालच्या मातीकडे तोंड करून फिरणार ते?”

“मोठ्या आई, ह्याची बाजू ठरलेली असती. ही सपाट बाजू...”

“मला बाजू शिकवू नकोस. तुझा बाप कात्री धरायला शिकला तो माझ्या डोळ्यांदेखत. कुंकू वर ठेव. आणि ते आपोआप झिजेपर्यंत मला विचारल्याशिवाय पातं काढायचं नाही.”

मग त्याने ते उलटले, बसवले आणि पाना फिरवून घट्ट केले. माझे समाधान झाले.

दिवाळीपर्यंत हिरवळीचा रंग उतरला. आधी पांढुरकी झाक आली, मग शेंडे खाकी होऊ लागले. पाणी वाढवले, खत घातले, उपयोग शून्य. त्या दिवसांत नवनाथ एकदा ओट्याशी आला. मी अनारशांचे पीठ मळत होते. पाते एकदा उलटून पाहू का, असे त्याने विचारले. मी विचारले, कुंकू झिजले का. तो म्हणाला, “नाय ना. वरच्या अंगाला हाय, त्याला काय लागतच नाय.” मग राहू दे, असे मी म्हणाले आणि पिठाकडे वळले. दुसऱ्यांदा त्याने ललितला सांगितले. ललित फोनवर बोलत होता. नवनाथ पुन्हा नवे पाते मागतो आहे, एवढेच त्याच्या कानांवर पडले.

तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त कळवणच्या योगेश नावाच्या गृहस्थांनी मुलीसाठी घेतला होता. आठ दिवस आधी ते जागा पाहायला आले. हिरवळीच्या कडेला उभे राहून त्यांनी ललितला विचारले, हे असेच राहणार का. एवढा एक प्रश्न. ललितला तो फार लागला. पाहुणे गेल्यावर त्याने आपल्या डोक्याने तर्क केला: मशीनमध्ये नवे पाते असते तर गवत असे दिसले नसते, म्हणजे नवनाथने ते मागाहून काढून विकले आणि कोठीतले जुनेच पुन्हा ठोकले. तो तावातावाने माझ्याकडे आला. मीही तेव्हा त्याला अडवले नाही, हे मला लिहिलेच पाहिजे.

माझी खुर्ची हिरवळीवर मांडली. मंडपाचे खांब रोवणारी माणसे होती, राकेश होता, आचाऱ्याकडचे दोघे, झाडणाऱ्या दोन बाया, मॅनेजर. मला धरून अकरा जण. ललितने सगळा तर्क मोठ्या आवाजात मांडला. मी वाकून एक गवताची काडी खुडली आणि तिचा शेंडा पाहिला. तो कापलेला नव्हता. चावलेल्या दातणासारखा चोथा झाला होता. बोथट विळ्याने काय होते ते मी मळ्यात आयुष्यभर पाहिले आहे. धार मेलेली असली की गवत तुटत नाही, फाटते आणि मग वाळते. तेव्हा मला तिळमात्र शंका उरली नाही. एवढी खात्री होती, म्हणून राग अधिक आला. ज्या घराण्याला आम्ही चार पिढ्या पोसले, असेही माझ्या मनात आले. कोणी कोणाला पोसले, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

मी विचारले, “नवनाथ, नवं पातं कुठं विकलंस?”

विकलेस का, असे मी विचारले नाही. कुठे विकलेस, असे विचारले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

एकदा त्याने मशीनकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“पातं काढून बघा, मोठ्या आई. तुम्ही काढ म्हणा, मी काढतो. सांगितल्याबिगर मी हात लावायचा नाय.”

ललित म्हणाला, “आता याचं नाटक बघत बसायचं का? चाव्या ठेव आणि नीघ.”

नवनाथने खिशातून चाव्या काढल्या. पाना सदऱ्याला पुसला. चाव्या, पाना आणि लोहचुंबकाची काठी माझ्या खुर्चीपाशी गवतावर ओळीने ठेवली आणि पंपाच्या खोलीतून पिशवी आणायला गेला. राकेश हळूच हसला. ज्याचे खिळे हा माणूस अकरा वर्षे वेचत आला, तो हसला.

मी कोठीत गेले. खरे सांगायचे तर न्याय करायला नव्हे, पुरावा आणायला गेले. जुने पाते मशीनमध्ये असेल तर तारेवर बाराच असणार. ती बारा पाती त्याच्यासमोर मोजून टाकावी आणि मगच त्याला फाटकाबाहेर जाऊ द्यावे, असा माझा बेत होता. मी मोजली. तेरा भरली. पुन्हा मोजली. शेवटच्या पात्याच्या मधोमध हरभऱ्याएवढी खाच होती. तेच पाते. खंडेनवमीच्या आधी त्याने माझ्याच हातात दिले होते आणि मीच ते तारेत ओवले होते.

म्हणजे मशीनमध्ये नवेच पाते होते. मग गवत का फाटत होते?

मी बाहेर आले तेव्हा नवनाथ फाटकापर्यंत पोचला होता. मॅनेजरला मी त्याला परत आणायला पाठवले आणि एकाही माणसाला जागेवरून हलू दिले नाही. नवनाथ आला. मी म्हणाले, काढ. त्याने मशीन आडवे केले, पोटात चिकटलेला हिरवा थर खरवडला, बोल्ट सैल केला आणि पाते माझ्यासमोर धरले.

दोन्ही धारांवर दुकानातला काळा रंग अजून तसाच होता. धारेला गवत लागलेच नव्हते. पाठीचा काठ मात्र आपटून आपटून चकचकीत झाला होता, त्यात हिरवा चोथा बसला होता आणि पंख जमिनीकडे तोंड करून मातीत घासला होता. उलटे बसवल्यामुळे धार मागे राहिली आणि पाठ पुढे आली. महिनाभर ते पाते पाठीने गवत बडवत होते. वरच्या सपाट बाजूवर, वाळलेल्या थराखाली, माझे स्वस्तिक शाबूत होते. ललितने अंगठ्याने कुंकू पुसले. खाली लोखंडात इंग्रजी अक्षरे कोरलेली होती. त्याने ती वाचली, पण मोठ्याने सांगेना. मी सांग म्हटल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, “ही बाजू गवताकडे.”

दहा माणसांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिले नाही. सगळी पात्याकडे पाहत राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिले असते तर मला कमी लागले असते.

मी नवनाथला विचारले, मला न सांगता सुलटे केले असतेस तर कोणाला कळले असते.

“कुणालाच नाय,” तो म्हणाला. “पर आजानं सांगून ठेवलंय. त्या घरातल्या हत्याराला सांगितल्याबिगर हात लावायचा नाय. झिजलं तरी त्यांच्या हातात द्यायचं, तेव्हाच दुसरं घ्यायचं. बानं तसंच केलं, मी तसंच करतो. का, ते आजानं कधी सांगितलं नाय.”

त्याला माहीत नव्हते. मला होते. त्या हिरवळीवर ते एकट्या मलाच माहीत होते.

बासष्ट वर्षांपूर्वीची ऑक्टोबरातली छाटणी. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पुण्याहून छाटणीची कात्री आणली होती. आमच्या भागात तशी दुसरी नव्हती. ती ते सावळीरामाशिवाय कोणाच्या हाती देत नसत, कारण त्याचा काप काडीवर एका झटक्यात स्वच्छ पडे. एके दिवशी दुपारी कात्री दिसेनाशी झाली. मजुरांची पंगत बसली होती, मी भाकऱ्या वाढत होते. मामंजी आले आणि सावळीरामाला पंगतीतून उठवून म्हणाले, कात्री कुठे पोचवलीस. तो म्हणाला, “मालक, बांधावरच्या बाभळीवर बघा, सकाळी तुम्ही तिकडं होता.” मामंजींनी ऐकले नाही; जे म्हणायचे ते सगळे म्हणाले. सावळीरामाला सोडून त्या पंगतीत बावीस माणसे होती. मी भाकऱ्या मोजून टोपलीत घातल्या होत्या, म्हणून आकडा पक्का आहे. पुढची भाकरी माझ्या हातातच राहिली. सावळीराम घोंगडी खांद्यावर टाकून पेठच्या वाटेला लागला. त्याच वर्षी जन्मलेला जयराम वीस वर्षांनी पोटासाठी आमच्याकडे आला. सावळीरामाने मात्र आमचे फाटक पुन्हा ओलांडले नाही.

तीन वर्षांनी ती बाभूळ तोडली. कात्री तिच्या बेचक्यात होती. मामंजींनीच अडकवलेली, अर्धी सालीत रुतलेली. त्यांनी ती उपरण्यात लपवून घरी आणली आणि पेटीत ठेवली. मी पाहिले. त्यांनाही ते कळले. म्हणाले, मालकाने शब्द मागे घेतला तर उद्या मजूर डोक्यावर बसतील. मी बावीस वर्षांची होते, गप्प राहिले, आणि तेवढ्याला मी स्वतःला क्षमा करीनही. पण मामंजी गेल्यावर पेटीची किल्ली माझ्याकडे आली. घरात माझा शब्द चालू लागला, आणि त्या शब्दाने मी दुनियेला फर्मावले, पण पेठला एक निरोप धाडला नाही. दर खंडेनवमीला लाल फडके सोडून कात्रीला तेल दिले, कुंकू लावले, फूल वाहिले. लोखंडाची पूजा झाली. माणसावर आलेला आळ तसाच राहिला. आणि आता त्याच्या नातवाला मी मामंजींच्याच शब्दांत, मामंजींच्याच आवाजात विचारले होते.

मी खुर्चीतून उठले. ज्या आवाजात आळ घेतला, त्याच आवाजात बोलले.

“नवनाथ, पातं तू विकलं नाहीस. ते उलटं मी बसवायला लावलं. तू सांगत होतास, मी ऐकून घेतलं नाही. सगळ्यांनी ऐका, चूक माझी आहे.”

मग ललितला पुढे केले. तो पुटपुटला, सॉरी. मी म्हणाले, ते पाहुण्यांना धक्का लागल्यावर म्हणायचे. येथे वाक्य पुरे कर आणि मान वर करून कर. त्याने केले. कान लाल झाले होते, ते मला बरे वाटले. राकेशचे हसू त्याच्या तोंडावर उरले नव्हते. त्यालाही सोडला नाही. चुंबकाची काठी त्याच्या हाती दिली आणि मांडव उतरल्यावर हिरवळ त्याने स्वतः अनवाणी फिरून दाखवायची, असे सांगितले.

नवनाथने पाते सुलटे धरले. थोडे कुंकू उरले होते. पुसू का, असे त्याने विचारले.

“राहू दे. गवतालाच लागू दे.”

“आणि पुढच्या टायमाला काढताना विचारायचं का नाय?”

“नाही. हत्यार तुझं आहे.”

पाना त्याने नेहमीपेक्षा सावकाश फिरवला. त्याच दुपारी पहिला हात फिरला, एक दिवसाआड आणखी दोन. फाटके शेंडे गेले, खालून हिरवे निघाले. योगेशरावांच्या मुलीच्या लग्नाला कडेच्या पट्ट्या अजून खाकी होत्या. तेथे मी जेवणाची टेबले मांडायला लावली.

लग्न उरकल्यावरच्या सोमवारी मी लाल फडके घेतले, ललितला कात्रीची सगळी गोष्ट सांगितली आणि पेठला जायला गाडी काढायला लावली. नवनाथ पुढे बसला. वाटेत ललित मला समजावत होता. आजी, बासष्ट वर्षे झाली, आता कोणाच्या लक्षात असणार. मी म्हणाले, ज्याला लागले त्याच्या. कात्री निरोपासोबत पाठवली असती तरी चालले असते, असे त्याचे मत पडले. पेठ मागे पडले, रस्ता अरुंद झाला, आणि जेथे गाडी थांबली तेथून पाडा हाकेवर होता.

खळ्यावर नागलीची मळणी चालली होती. सावळीराम कडेला पोत्यावर बसला होता. अंगाने काटकुळा, डोळ्यांत पडदे. नवनाथने कानाशी वाकून नाव सांगायच्या आत मी बोलले, आणि आवाजावरून त्याने मला ओळखले.

“भाकरीवाली सूनबाई का?”

मी हो म्हणाले आणि खळ्यावरची माणसे मोजली. तेरा होती. नवनाथला म्हणाले, पाड्यातून आणखी माणसे आण, मोठी माणसे. पोरे नकोत, त्या पंगतीत पोर नव्हते. माणसे येत गेली, मी मोठ्याने मोजत गेले. सतरा झाली, एकोणीस, एकवीस. कोणाला काही कळत नव्हते; बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. एक म्हातारी कोणी उत्तर देत नाही म्हणून चिडून विचारत होती, की बाई मतदानाला आली आहे का. सावळीराम मात्र मान थोडी कलती करून बसला होता. माझी मोजणी तो ऐकत असावा. शेवटी उतारावरून एक बाई डोक्यावर पेंढ्यांचा भारा घेऊन आली. मी तिला भारा उतरवून उभी राहायला सांगितले. बावीस.

मी फडके सोडले.

“सावळीराम, कात्री तू नेली नव्हतीस. मामंजींनी ती बाभळीच्या बेचक्यात अडकवली होती. तीन वर्षांनी ती तिथेच सापडली. त्यांनी लपवली. मी पाहिलं आणि आजपर्यंत बोलले नाही. तुझ्यावर घेतलेला आळ खोटा होता. तो मी या बावीस माणसांसमोर परत घेते.”

सावळीरामाने हात पुढे केला. मी कात्री त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने अंगठ्याने कुंकू चाचपले, मग स्प्रिंग, मग धार. शेजारचे नागलीचे एक ताट, म्हणजे वाळला दांडा, घेतले आणि कात्री दाबली. ताट एका झटक्यात तुटले. तुटलेले टोक त्याने बोटाने तपासले. काप स्वच्छ होता.

“बांधावरली बाभळ,” तो म्हणाला. “मी म्हणलं होतं.”

“म्हणाला होतास. मी ऐकलं होतं.”

त्याने कात्री मिटून सदऱ्याच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवला.

“बावीस भरली?”

“भरली.”

“मंग बसा आता,” सावळीराम म्हणाला, आणि पोत्यावर सरकून त्याने मला जागा केली.